सहावी सही

सोमवार, ४ नोव्हेंबर

एकही नाही! सकाळपासून एकोणतीस दारं, आणि एकही सही नाही.

पाऊस आडवा. गोदीकडचा वारा छत्री उलटी करतो म्हणून छत्री नेणंच सोडलंय. पहिल्या दाराला कुत्रा. दुसऱ्या दाराला नुसता पडदा हलला. आत टीव्हीवर घोड्यांची शर्यत लागलेली, निवेदक बेंबीच्या देठापासून ओरडतोय, आणि मी बाहेर घंटा दाबत उभा. सतरा नंबरच्या डॅरिलने दार उघडलं, पण साखळी न काढता. "टीव्ही? तो कसला असतो बुवा?" मागे भिंतभर टीव्ही! "वॉरंट आणलंयस? नाही ना? मग पावसात न्हाऊन घे. त्याला लायसन्स लागत नाही." आतून बायको खिदळली.

इथे टीव्ही बघायचा तर दरवर्षी लायसन्सचे पैसे भरावे लागतात, आणि न भरणाऱ्यांकडून कबुलीची सही घेणं हे माझं काम. पण मला आत जायचा हक्क नाही हे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक झालंय. दार उघडायचं नाही, नाव सांगायचं नाही, सही करायची नाही, की संपलं. एवढं ज्याला माहीत तो सुटला.

संध्याकाळी स्पेन्सरचा फोन. "नेव्हिल, तुझी तात्पुरती मुदत शुक्रवारी संपते. आठवड्यात सहा सह्या हव्यात. मी तुझ्या बाजूचाच आहे रे, पण वर कागद बघतात." साहेब माझा. माझ्या मुलीपेक्षा लहान आहे.

लॉरेनला सांगितलं नाही. बायकोला काय सांगायचं, की ह्याही नोकरीत मी नापास?

मंगळवार, ५ नोव्हेंबर

दोन. दोन्ही बायका. नेहमी बायकाच असतात. त्या घरी असतात, त्या दार उघडतात, त्यांना तोंडावर दार लावायची लाज वाटते. सोफ्यावर लोळून बघणारा नवरा, आणि कागदावर नाव तिचं.

एक जण सही करताना म्हणाली, "आता काय होईल?" मी म्हणालो, "कळवतील." दुसरं काय म्हणणार?

बुधवार, ६ नोव्हेंबर

आणखी तीन. पाच झाल्या. उद्या फक्त एक. एक!

गुरुवार, ७ नोव्हेंबर

लिहू नये असं वाटतंय. तरी लिहितो, नाहीतर कुणाला सांगू?

तीनचा सुमार. परत त्याच आळीत, डॅरिलच्या शेजारचं एकोणीस नंबर. सोमवारी घरी कुणी नव्हतं. आज दार उघडलं, तेही सताड. साखळी नाही, काही नाही. ऐंशीला टेकलेली बाई, अंगात ॲप्रन. मिसेस लॅमिंग. "अगंबाई, केवढा भिजलायस! आत ये आधी, दारात उभं राहून काय ते सांगायचं?" मी ओळखपत्र पुढे केलं. ते न वाचताच म्हणाली, "लायसन्सचा ना? वॉल्टर असताना कधी कुणी आलं नाही हो. आमचं कायम भरलेलं."

माझा कोट हीटरवर वाळत टाकला. चहा दिला. मनुकांचा पाव दिला, त्यावर लोण्याचा जाड थर आणि चीजचा काप. टीव्हीवर प्रश्नमंजुषा चाललेली. आवाज एवढा मोठा, की मला ओरडून बोलावं लागत होतं. तिचं कानातलं यंत्र कपाटावर पडलेलं होतं.

वॉल्टर म्हणजे तिचा नवरा. चाळीस वर्षं मासेमारीच्या बोटीवर. मार्चमध्ये गेला. दफन झालं त्याच आठवड्यात हिने लायसन्सच्या कचेरीला फोन केला. आपणहून! "म्हटलं, तो गेला, त्याचं नाव काढा. मेलेल्या माणसाच्या नावावर काही ठेवू नये. चॅपलच्या कडक शिस्तीत वाढलेली मी, असलं चालत नाही आम्हाला. फोनवरची बाई इतकी गोड बोलली! लगेच काढते म्हणाली."

काढलं. नावाबरोबर लायसन्सही गेलं. हिला वाटलं, नाव तेवढं गेलं, बाकी चालू आहे. आठ महिने ही बाई बिनलायसन्सची टीव्ही बघतेय आणि हिला पत्ता नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. लाल अक्षरांतली पत्रं सगळी वॉल्टरच्या नावाने आलेली. ती तिने फोडलीच नाहीत, कारण दुसऱ्याचं पत्र फोडू नये.

तेव्हाच कप खाली ठेवून सांगायला हवं होतं. बाई, आजच्या आज नवीन घ्या. नाहीतर पेन्शनच्या जोडीची ती सरकारी मदत मागा, ती मिळाली की तुमच्या वयाला लायसन्स फुकटच मिळतं. दोन वाक्यं! जिभेच्या टोकावर होती.

पण ती म्हणाली, "दमलेला दिसतोस बाळा. काम बरं नाही का?" आणि मी घडाघडा बोललो. मासळीचा कारखाना बंद झाला ते, चौदा महिने घरी सोफ्यावर बसलो ते, उद्याचा शुक्रवार, पाच झाल्या ते. "एक कमी पडतेय," म्हणालो. का म्हणालो? सहज निघालं तोंडून, की मुद्दाम? आता बसून आठवतोय, तरी कळत नाही.

"मग माझं नाव घाल की," ती म्हणाली. "मी काय, घरातच आहे."

मी कागद काढला. ती सूचना मोठ्याने वाचायची असते: काही बोललंच पाहिजे असं नाही, जे बोलाल ते पुरावा म्हणून वापरलं जाईल. मी वाचली. मान खाली घालून, भरभर, टीव्हीवर टाळ्या वाजत होत्या तेव्हा. ती पावाचा दुसरा काप कापत होती. मग चष्मा न लावताच सही केली.

"झालं? आता ओरडणार नाही ना तुझा साहेब?"

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

कायम झालो. स्पेन्सरने पाठ थोपटली. लॉरेनने येताना मासे आणि बटाट्याचे तळलेले काप आणले, व्हिनेगरचा वास घरभर. "बघ, म्हटलं नव्हतं मी?" म्हणाली आणि रडायलाच लागली. किती दिवसांनी तिला बरं वाटलं!

मी ताट बाजूला सारलं. पोट बिघडलंय म्हणालो.

सोमवार, ११ नोव्हेंबर

तिला वाटलं असेल, मी येऊन गेलो ह्याची ती पोच आहे. दूधवाल्याच्या वहीवर करतात तशी सही. हरामखोर आहे मी.

शनिवार, १६ नोव्हेंबर

बसने गेलो, कंपनीची गाडी न नेता. कामाबाहेर परत त्याच दारी जायचं नसतं. कळलं तर नोकरी जाईल.

सगळं सांगितलं. तुम्ही सही केलीत तो कबुलीजबाब आहे, तुमच्यावर खटला होऊ शकतो. तिने यंत्र कानात घातलं. "पुन्हा सांग." पुन्हा सांगितलं. तिचा चेहरा हळूहळू पांढरा पडला.

"म्हणजे आठ महिने मी चोरून बघत होते?"

"चोरून नाही हो, चुकून."

"चुकून उचललं तरी दुसऱ्याचंच ना?"

मी हातापाया पडलो. आजच नवीन घ्या, म्हणजे बहुतेक सोडून देतात. तिने माझ्याकडे असं बघितलं, की जमीन दुभंगेल तर बरं. "पकडल्यावर भरायचं? ते तर सगळेच चोर करतात. आधी शिक्षा होऊ दे. ती भोगते, मग रीतसर नवीन घेते. तोवर बघायचं नाही." उठली, टीव्ही बंद केला, वर टेबलावरचा कपडा टाकला. मदतीचं नाव काढलं तर म्हणाली, "भीक आमच्यात कुणी मागितली नाही."

मला रागच आला. म्हणालो, अर्धी आळी भरत नाही! शेजारचा डॅरिल भिंतभर टीव्ही लावून हसतो आम्हाला. एवढं भरण्यासारखं त्यात असतं तरी काय? त्याच त्या प्रश्नमंजुषा, तेच ते खून!

"वॉल्टर आइसलंडच्या बाजूला जायचा ना," ती म्हणाली, "तेव्हा रेडिओवर समुद्राचं हवामान सांगायचे. मी इथे ऐकायची, तो तिथे ऐकायचा. वादळाचं सांगितलं की मला कळायचं, त्यालाही कळलंय, तो वळेल आता. तो आवाज काय आभाळातून पडत होता? कुणीतरी लायसन्सचे पैसे भरत होतं म्हणून येत होता. आम्ही भरत होतो. डॅरिल भरत नाही म्हणून मी नाही भरायचं? उद्या तो चर्चच्या पेटीतलं उचलेल, म्हणून मीही उचलू?"

निघताना पाव बांधून दिला. मी घेतला!

मंगळवार, १९ नोव्हेंबर

स्पेन्सरला विचारलं, एखादा कागद परत घेता येतो का? "का? चूक झाली?" खरं सांगायची हिंमतच झाली नाही. तो हसला. "घोड्याने गवताशी मैत्री केली तर खायचं काय, नेव्हिल? वर गेला तो कागद. विसर."

चोर सोडून संन्याशाला सुळी! आणि सुळी उभारणारा मी.

सोमवार, २ डिसेंबर

तिच्या नावाने लायसन्स घेऊन टाकलं. तिला न सांगता. आता सुटेल. सुटायलाच हवी!

शनिवार, ७ डिसेंबर

लायसन्स टपालाने तिच्या घरी पोचलं. आणि तिने काय करावं? फोन! पुन्हा फोन! "म्हटलं, हे मी घेतलेलं नाही, चुकून आलंय, रद्द करा. तीच गोड बाई होती बहुतेक. लगेच केलं."

दाराबाहेर येऊन पायरीवर बसलो. डॅरिल गाडी पुसत होता. "काय रे, म्हाताऱ्या बायकांना पिडतोस आता? आमच्यापुढे काही चालत नाही म्हणून?" तोंडावर एक ठेवून द्यावीशी वाटली. पण खोटं काय बोलला तो?

शनिवार, २१ डिसेंबर

आता दर शनिवारी जातो. लॉरेनला सांगतो, जुन्या कारखान्यातल्या मित्रांकडे. "काही पत्र आलं?" विचारतो. "नाही रे," म्हणते.

टीव्हीवर कपडा तसाच. ती समोरच्याच खुर्चीत बसते, कपड्याकडे तोंड करून. संध्याकाळ फार लांबते, म्हणाली. भिंतीपलीकडून डॅरिलच्या टीव्हीतलं सगळं ऐकू येतं. "मग मी रेडिओ लावते. त्याला लायसन्स लागत नाही ना? फुकटचं कानावर पडायला नको." मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडलो.

नाताळात तरी राजाचं भाषण बघा म्हटलं. नाही म्हणाली. वॉल्टर त्या वेळी टाय लावून बसायचा.

शनिवार, १८ जानेवारी

"काही आलं?" "नाही रे." वजन उतरलंय तिचं. विचारलं तर म्हणते, एकटीसाठी काय रांधायचं? टीव्ही असायचा तेव्हा जेवण तरी जायचं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

आज कचेरीत पडद्यावर खटल्यांची यादी बघितली. तिचं नाव! नोटीस सोमवारीच निघाली. उत्तर २४ तारखेपर्यंत.

असल्या खटल्यात कुणाला कोर्टात बोलवत नाहीत. एक न्यायाधीश खोलीत बसून कागद वाचतो, एका मागून एक. कागदावर जे असेल ते खरं. आणि कागदावर काय आहे? माझं अक्षर आणि तिची सही.

शनिवार, ८ फेब्रुवारी

"पत्र आलं?" "नाही."

"नीट आठवा, मिसेस लॅमिंग. मोठं पाकीट असेल."

"नाही म्हटलं ना बाळा." खिडकीकडे बघत म्हणाली.

मी घड्याळामागे शोधलं, खणात शोधलं, वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात शोधलं. ओरडलो तिच्यावर! "तुम्हाला कळतंय का काय होणार आहे ते? नाव लागेल गुन्हेगार म्हणून!" ती चहा ओतत राहिली. "शोध हो, शोध," म्हणाली. नक्की कचऱ्यात टाकलं असणार. तिला समजतच नाहीये. आता तिच्या वतीने बोलणारं कुणी उरलं नाही. मी सोडून.

सोमवार, १० फेब्रुवारी

कोर्टाला पत्र लिहिलं. माझ्या नावाने. सूचना नीट वाचली नाही. बाईंना ऐकू येत नव्हतं. आपण कशावर सही करतोय हे त्यांना माहीत नव्हतं, आणि ते माहीत नाही हे मला माहीत होतं. मला सहावी सही हवी होती.

लॉरेनने वाचलं. मित्रांचं खोटंही बाहेर आलं. "वेडा झालास का? हे पाठवलंस की त्याच दिवशी घरी बसशील!"

"ती सुटेल."

"ती कोण तुझी? दंड होईल, भरेल, विसरेल. तुला चौदा महिने त्या सोफ्यावर मी बघितलंय, नेव्हिल. दाढी नाही, आंघोळ नाही. रोज कामावरून येताना मला भीती वाटायची, की दार उघडल्यावर काय दिसेल. मला ते पुन्हा बघायचं नाही. माझ्यात त्राण नाही आता."

तिचंही खरं. देवा, तिचंही खरंच आहे!

गुरुवार, १३ फेब्रुवारी

पत्र कोटाच्या खिशात.

सोमवार, १७ फेब्रुवारी

अजून खिशातच. आज चार सह्या मिळवल्या. मस्त चाललंय म्हणाला स्पेन्सर.

गुरुवार, २० फेब्रुवारी

पोस्टाच्या पेटीपाशी दहा मिनिटं उभा होतो. एका बाईने विचारलं, "बरं आहे ना तुम्हाला?" घरी आलो. पत्रासकट.

सोमवार, २४ फेब्रुवारी

टाकलं. शेवटच्या दिवशी, पेटी उघडायला माणूस आला तेव्हा त्याच्याच हातात दिलं, कारण मला माझाच भरवसा नव्हता. मग सरळ स्पेन्सरकडे जाऊन सांगितलं. त्याचा चेहरा पडला. "तू मला का सांगतोयस हे? आता मला ते वर कळवावं लागेल. घरी जा. बोलावतो."

लॉरेनने बॅग भरली आणि बहिणीकडे गेली. चार दिवसांसाठी, म्हणाली.

शनिवार, १ मार्च

मिसेस लॅमिंगकडे गेलो नाही. काय सांगू तिला? की तुमची सुटका दोन आठवडे खिशात घेऊन हिंडत होतो?

दिवसभर सोफ्यावर. टीव्ही लावलासुद्धा नाही.

शुक्रवार, ७ मार्च

स्पेन्सरने बोलावलं. टेबलावर दोन कागद. एक माझं पत्र, कोर्टाकडून आलेलं. ते पोचलं तेव्हा निकाल लागून गेला होता. दोषी.

दुसरा तिचा. नोटीस मिळाल्याच्या दुसऱ्याच दिवशी भरून धाडलेला. ७ फेब्रुवारी! मी खण उपसत होतो, तिच्यावर ओरडत होतो, त्याच्या आदल्या दिवशी. "गुन्हा कबूल" वर खूण, आणि खाली चौकटीत लिहिलेलं: "त्या गृहस्थांनी मला एकेक शब्द सावकाश वाचून दाखवला. मला नीट ऐकू आलं. मी समजून सही केली. त्यांना कुणी बोल लावू नये."

तिने खोटं लिहिलं. तिने!

"आता तूच सांग, नेव्हिल," स्पेन्सर म्हणाला. "तुझं पत्र खोटं असेल, तर तुझ्यावर काहीच उरत नाही. कोण खोटं बोलतंय? ही बाई, की तू?"

"मी," म्हणालो.

सोमवारपासून कामावर ये म्हणाला.